हजारों अक्षरें आणि दहा बटणें



परवां संध्याकाळीं आमच्या शेजारची एक महाविद्यालयांत जाणारी मुलगी आमच्या घरीं येऊन बसली होती. ॲनिमे नांवाच्या जपानी चित्रमालिका पाहतां पाहतां तिला त्या भाषेची गोडी लागली, आणि आतां ती रीतसर शिकवणीला जाते. गप्पा चालल्या असतां तिनें हातांतल्या मोबाईलवर आपल्या जपानीच्या शिक्षिकेला चार ओळींचा निरोप लिहून धाडला. हें काम इतक्या झटपट उरकलें कीं, मला राहवेना. मीं विचारलें, “अग, जपानी भाषेंत हजारों अक्षरें आहेत म्हणतात ना? मग या तळहाताएवढ्या पाटीवर तीं मावलीं कशीं?” ती हंसली आणि म्हणाली, “काका, यांत अक्षरांचीं बटणें अवघीं दहा आहेत. आणि खरें सांगूं का? तीं आपल्या मुळाक्षरांच्या क्रमानें लावलीं आहेत!”

हजारों अक्षरें दहा बटणांत कशीं मावलीं, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ही हकीकत सुमारें दीडशें वर्षांची आहे, आणि तिच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे. भाषा आणि यंत्र यांचें परस्परांशीं जमेनासें झालें, तर बदलावयाचें कोणीं? भाषेनें यंत्रासाठीं, कीं यंत्रानें भाषेसाठीं?

प्रथम जपानी लेखनाची रीत थोडी समजून घेऊं. जपानी भाषा चिनी भाषेपासून निघालेली नाहीं. दोहोंचें व्याकरण अगदीं भिन्न आहे. परंतु जपानजवळ स्वतःची लिपि नव्हती, अशा काळीं, म्हणजे सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं, कोरियाच्या मार्गानें चिनी अक्षरें तेथें आलीं. यांनाच जपानी लोक ‘कांजी’ म्हणतात. कांजी हें आपल्या अक्षरासारखें ध्वनीचें चिन्ह नव्हे. तें अर्थाचें चिन्ह आहे. घड्याळाच्या तबकडीवरील सातचा आंकडा मराठी माणूस ‘सात’ असा वाचतो, कानडी माणूस ‘एळु’ असा वाचतो, आणि इंग्रज ‘सेव्हन’ असा वाचतो. चिन्ह एक, अर्थ एक, उच्चार मात्र ज्याचा त्याचा. कांजीचें तसेंच आहे. डोंगराचें कांजी एकटें आलें तर जपानी माणूस तें ‘यामा’ असें वाचतो, आणि फुजी पर्वताच्या नांवाला जोडून आलें तर ‘सान’ असें वाचतो. पहिला शब्द अस्सल जपानी. दुसरा चिनी शब्दाचा जपानी अवतार.

पण जपानी क्रियापदांचे प्रत्यय चिनी अक्षरांत लिहिणें जिकिरीचें होतें. म्हणून नवव्या शतकाच्या सुमारास कांजींनाच सोपें रूप देऊन ध्वनिदर्शक अक्षरांचे दोन संच तयार झाले. कांजी भरभर लिहितांना जें वळणदार रूप उमटलें त्यांतून ‘हिरागाना’ निघाली, आणि कांजीचा एखादा तुकडाच उचलून ‘काताकाना’ बनली. प्रत्येकींत मूळ अक्षरें शेहेचाळीस. या दोहोंना मिळून ‘काना’ म्हणतात. आजचें साधें जपानी वाक्य घेतलें तरी त्यांत नामें व धातु कांजींत, प्रत्यय हिरागानांत, आणि परदेशांतून आलेले शब्द काताकानांत, असा त्रिवेणी संगम असतो. शिवाय शब्दाशब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नाहीं. कांजी आलें कीं नवा शब्द सुरू झाला, हें वाचकाच्या डोळ्याला आपोआप कळतें. त्यामुळें नुसत्या कानांत लिहिलेला मजकूर वाचणें हें जपानी माणसाला मोठें कष्टाचें वाटतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपानची दारें पाश्चात्त्यांना उघडलीं, तेव्हां हा सारा पसारा तेथील विचारी माणसांच्या डोळ्यांत खुपूं लागला. पुढें जपानी टपालखात्याचे जनक म्हणून जे नांवाजले, त्या माएजिमा हिसोका यांनीं १८६६ च्या सुमारास शोगुनकडे अर्ज करून कांजी अजीबात बंद करावींत असें सुचविलें. मुलांचीं शिक्षणाचीं उमेदीचीं वर्षें अक्षरें घोकण्यांत जातात, मग तीं विद्या केव्हां शिकणार, असें त्यांचें म्हणणें होतें. १८८५ सालीं जपानी भाषा रोमन लिपींत लिहावी म्हणून ‘रोमाजीकाई’ ही संस्था निघाली, आणि तानाकादाते आइकित्सु यांच्यासारखे नामांकित पदार्थविज्ञानवेत्ते रोमन लिपीचे कैवारी झाले. १९२० सालीं यामाशिता योशितारो या व्यापारी गृहस्थांनीं, केवळ काताकाना वापरावी, यासाठीं दुसरें मंडळ काढलें. हे लोक परकीयांचे अंधभक्त नव्हते. इंग्रज कारकून सव्वीस अक्षरांच्या टाइपरायटरवर दिवसाकांठीं पत्रांचा ढीग हातावेगळा करतो, आणि आपला कारकून अजून कुंचला चालवीत बसला आहे, हें त्यांना दिसत होतें. आपल्याकडे स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं ‘इ’, ‘उ’ यांच्या ऐवजीं ‘अि’, ‘अु’ लिहावें असा आग्रह धरला, त्याच्या मुळाशीं छापखान्यांतील खिळे कमी व्हावे हाच हेतु होता. ज्यांनीं ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक चाळले असतील त्यांना ती लिपि आठवेल. यंत्रापुढें लिपीनें थोडें नमतें घ्यावें, हा विचार त्या काळीं साऱ्या आशिया खंडांत होता.

कांजी न सोडतां टाइपरायटर करण्याचा यत्नही झाला. १९१५ सालीं सुगिमोतो क्योता यांनीं जपानी टाइपरायटरचें पेटंट मिळविलें. त्यांत बटणें नव्हतींच. एका सपाट तबकांत सुमारें दोन हजार चारशें खिळे मांडलेले असत. टंकलेखकानें हवा तो खिळा हुडकून त्यावर दांडा आणावयाचा, आणि तो दाबला कीं खिळा उचलला जाऊन कागदावर आपटे. हें यंत्र कचेऱ्यांतून पुष्कळ वर्षें चाललें. परंतु खिळ्यांच्या जागा पाठ होण्यास दीर्घ अभ्यास लागे. तें यंत्र घरोघर जाणें शक्य नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर कांजींवर मोठेंच संकट आलें. १९४६ सालीं अमेरिकेहून आलेल्या शिक्षणविषयक मंडळानें रोमन लिपीची शिफारस केली. त्याच वर्षीं जपानी सरकारनें दैनंदिन वापरासाठीं १८५० कांजींची यादी ठरवून दिली, आणि हळूहळू त्याही सोडून द्याव्या, असें पुष्कळांच्या मनांत होतें. पण १९४८ सालीं देशभर साक्षरतेची पाहणी झाली, तेव्हां अगदीं निरक्षर माणसांचें प्रमाण शेंकडा तीनाहूनही कमी भरलें! ज्या लिपीमुळें प्रजा अडाणी राहते असें म्हणत होते, ती लिपि प्रजेनें केव्हांच आत्मसात् केली होती. शाळेचा आक्षेप असा लंगडा पडला. यंत्राचा आक्षेप मात्र शिल्लकच राहिला.

आणि पुढचें यंत्र तर त्याहूनही हट्टी निघालें. तें म्हणजे संगणक. संगणकाला अक्षर ठाऊक नसतें. त्याला आंकडा ठाऊक असतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा, म्हणजे तो क्रमांक सांठवतो व मागितल्यावर त्या क्रमांकाचें अक्षर दाखवितो. इंग्रजीच्या सोयीनें बनलेल्या या यंत्रांत एका अक्षराला जेवढी जागा दिलेली असे, तींत फार तर २५६ क्रमांक बसत. तेव्हां १९६९ च्या जपानी प्रमाणांत रोमन अक्षरें व काताकाना एवढींच बसविलीं गेलीं. माणसांचीं नांवें व पत्ते अशा काताकानांत छापून येऊं लागले. वाचतांना तारेचा मजकूर वाचल्यासारखें होई.

१९७८ सालीं मात्र दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी कीं, एका अक्षराला दुप्पट जागा देऊन ९४ ओळी आणि प्रत्येक ओळींत ९४ घरें, म्हणजे एकंदर ८८३६ घरांचा तक्ता आंखण्यांत आला, आणि त्यांत ६३४९ कांजींना कायमचे क्रमांक मिळाले. नित्याचीं २९६५ पहिल्या पायरींत, आणि क्वचित् लागणारीं ३३८४ दुसऱ्या पायरींत. हें काम किती नाजूक होतें याची एक मौजेची गोष्ट आहे. देशांतील गांवांच्या नांवांत येणारीं अक्षरेंही तक्त्यांत यावींत म्हणून स्थलनामांच्या सूचीवरून अक्षरें टिपून घेतलीं होतीं. शिगा प्रांतांतील एका लहानशा वस्तीच्या नांवांत ‘डोंगर’ आणि त्याखालीं ‘स्त्री’ असें जोडाक्षर आहे. त्याचा खिळा नव्हता. म्हणून कोणीतरी दोन अक्षरांचे तुकडे कापून एकाखालीं एक चिकटविले. चिकटविलेल्या कागदाच्या कडेची सावली छायाचित्रांत रेघेसारखी उमटली, आणि नकलणाऱ्यानें ती रेघही अक्षराचाच भाग समजून उतरून घेतली! जगांत कधींही नसलेलें अक्षर असें जन्माला आलें. १९९७ च्या सुमारास पंडितांनीं तक्त्याची छाननी केली, तेव्हां अशीं डझनभर संशयित अक्षरें सांपडलीं. जपानी लोक त्यांना ‘भुताचीं अक्षरें’ म्हणतात. पण एकदां क्रमांक दिला तो परत घेतां येत नाहीं. म्हणून तीं भुतें पुढें साऱ्या जगाच्या सामायिक तक्त्यांत, म्हणजे युनिकोडमध्यें, गेलीं, आणि आज आपल्याही मोबाईलच्या पोटांत त्यांचे क्रमांक आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अक्षरांना क्रमांक मिळाले. पण तीं लिहावयाचीं कशीं? सहा हजार बटणांचा फलक कोण चालविणार? क्यूशू विद्यापीठांत १९६७ च्या सुमारास एका नव्या कल्पनेवर संशोधन सुरू झालें होतें, आणि तोशिबा कंपनींत मोरी केनइची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती प्रत्यक्षांत आणली. कल्पना सोपी होती: माणसानें शब्दाचा उच्चार कानांत लिहावा, त्या उच्चाराचीं कांजी यंत्रानें शोधावीं. ऐकावयास सोपें, पण करावयास महाकठिण. कारण जपानींत समोच्चारी शब्दांचा सुळसुळाट आहे. ‘किशा’ म्हणजे आगगाडी, ‘किशा’ म्हणजे वार्ताहर, ‘किशा’ म्हणजे आपली कंपनी, आणि ‘किशा’ म्हणजेच कचेरींत परत येणें! ‘आपल्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीनें कचेरींत परतला’ हें वाक्य जपानींत ‘किशा नो किशा गा किशा दे किशा शिता’ असें होतें. यंत्राची परीक्षा पाहण्यासाठीं हेंच वाक्य देण्याची तेथें चाल पडली.

यंत्रानें ही परीक्षा दिली ती व्याकरणाच्या बळावर. त्याच्या पोटांत शब्दकोश घातला, प्रत्ययांचे नियम घातले. ‘दे’ हा करणाचा प्रत्यय लागला आहे, तेव्हां येथें वाहन असणें संभवतें. ‘शिता’ म्हणजे ‘केलें’ हें पुढें आहे, तेव्हां मागें क्रियावाचक शब्द असला पाहिजे, अशा अनुमानानें तें शब्द तोडतें, आणि त्यांतला सर्वांत संभवनीय पर्याय पुढें करतें. तो चुकला तर बटण पुन्हां दाबावें, दुसरा पर्याय येतो; आणि आपण कोणता निवडला हें यंत्र ध्यानांत ठेवून पुढच्या वेळीं तोच आधीं दाखवितें. २६ सप्टेंबर १९७८ रोजीं हें यंत्र जाहीर झालें. आकार मेजाएवढा, वजन २२० किलो, आणि किंमत ६३ लक्ष येन! सामान्य माणसाला तें पाहूनच समाधान मानावें लागलें असतें. पण अवघ्या सात वर्षांत, १९८५ सालीं, त्याच जातीचीं हातांत नेण्याजोगीं यंत्रें एक लक्ष येनच्या आंत मिळूं लागलीं. शंभर वर्षांचा लिपीचा वाद ज्या मुद्द्यावर अडला होता, तो मुद्दाच नाहींसा झाला.

यांत एक गंमत आहे. आज जपानी माणूस संगणकावर बहुधा रोमन बटणेंच दाबतो. ‘के’ आणि ‘ए’ दाबलें कीं पडद्यावर ‘का’ हें काना अक्षर येतें, आणि पुढें त्याचें कांजी होतें. म्हणजे रोमन लिपीच्या कैवाऱ्यांना कळफलक मिळाला, पण कागद मिळाला नाहीं. रोमन अक्षर बोटापाशीं येऊन थांबतें. पुढें उमटतें तें जपानीच.

हें सर्व निर्वेध झालें असें मात्र नव्हे. निरनिराळ्या यंत्रांत क्रमांकांच्या निरनिराळ्या योजना असल्यामुळें एकानें धाडलेलें पत्र दुसऱ्याकडे पोंचेपर्यंत त्याचा अगम्य गोंधळ होऊन बसे. जपानींत याला ‘मोजीबाके’ म्हणतात. मोजी म्हणजे अक्षर, आणि बाके म्हणजे रूप पालटणें, भुताखेतांचें असतें तसें. युनिकोड सर्वत्र रुजल्यावर ही पीडा पुष्कळ कमी झाली. तोट्याची दुसरी बाजू अधिक खोल आहे. यंत्र कांजी शोधून देतें, त्यामुळें माणसाला तें पाहून ओळखतां येतें. पण हातांत लेखणी दिली कीं आठवत नाहीं. चांगल्या शिकलेल्या माणसांचीही ही तक्रार असते. २०१० सालीं सरकारी यादी वाढून २१३६ कांजींची झाली, तेव्हां ‘उत्सु’ म्हणजे खिन्नता या अर्थाचें एकोणतीस रेघांचें कांजी तींत आलें. हातानें लिहावयास तें जिवावर येतें. पण आतां बटणानें लिहितां येत असल्यामुळें लोकांच्या लेखनांत तें पुन्हां वावरूं लागलें होतें. ज्या यंत्रामुळें अवघड अक्षरें मरतील अशी भीति होती, त्या यंत्रानेंच एक अवघड अक्षर जगविलें, आणि त्याच यंत्रानें तें लिहिणारा हात विसराळू केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आतां त्या दहा बटणांकडे वळूं. मोबाईलवरील पहिल्या बटणावर ‘अ’ आहे. त्यापुढें क्रमानें क, स, त, न, ह, म, य, र आणि शेवटीं व. स्वरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ. ‘क’ वर नुसता अंगठा टेकला कीं ‘का’. डावीकडे सरकवला कीं ‘की’. वर ‘कू’, उजवीकडे ‘के’, खालीं ‘को’. ही आपली बाराखडीच नव्हे काय? कवर्गानंतर चवर्ग, मग तवर्ग, त्याच्या शेवटीं ‘न’. मग पवर्ग, त्याच्या शेवटीं ‘म’. आणि मग य, र, व. जपानी ‘स’ ओळीचा उच्चार प्राचीन काळीं च-कारासारखा असावा, आणि ‘ह’ ओळीचा प-कारासारखा होता, असें भाषापंडित मानतात. तें ध्यानीं घेतलें म्हणजे दोन्ही क्रम बरोबर जुळतात.

हें साम्य योगायोगाचें नव्हे. बौद्ध मंत्र शुद्ध म्हणतां यावे म्हणून जपानी भिक्षु ‘सिद्धम्’ या भारतीय लिपीचा व तिच्या वर्णक्रमाचा अभ्यास करीत. बोधिसेन नांवाचे भारतीय भिक्षु ७३६ सालीं जपानला पोंचले, आणि ७५२ सालीं नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधि त्यांच्या हस्तें झाला. ८०६ सालीं कूकाई हे आचार्य चीनमधून मंत्रविद्येबरोबर सिद्धम् लिपीचे ग्रंथ घेऊन परतले. या अभ्यासाच्या परंपरेंतूनच कानांची ती ओळ पुढें सिद्ध झाली. आपल्या व्याकरणकारांनीं कंठापासून ओठांपर्यंत जी वर्णांची मांडणी केली, तिच्यावरूनच आज टोकियोच्या आगगाडींत उभ्या असलेल्या शाळकरी मुलाचा अंगठा फिरत असतो.

शेजारच्या मुलीला हें मीं सांगितलें, तेव्हां तिला फार आनंद झाला. तेवढ्यांत तिच्या आईचा निरोप आला: जेवायला येतेस ना? तिनें चटकन् उत्तर लिहिलें. मीं सहज डोकावून पाहिलें. ‘आलेंच’ हा साधा मराठी शब्द तिनें रोमन अक्षरांत लिहिला होता.

मीं तिला टोचून कांहीं बोललों नाहीं. कारण दोष एकट्या तिचा नाहीं. आपल्या लिपींत हजारों कांजी नाहींत. मुळाक्षरांच्या क्रमावर आधारलेला, डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजनें देणारा कळफलक गेल्या शतकाच्या नवव्या दशकांतच आपल्याकडे प्रमाण ठरला, आणि मोबाईलमध्यें तर नागरी अक्षरें फुकट मिळतात. जपानी लोकांनीं डोंगर फोडून जो रस्ता केला, तो आपल्यासाठीं मुळांतच सपाट आहे. तरी त्यांचें रोमन अक्षर बोटापाशीं थांबतें, आणि आमचें थेट निरोपांत उतरतें. मीं तिला एवढेंच विचारलें, “शिक्षिकेला जपानी अक्षरांत लिहितेस, मग आईला मराठी अक्षरांत कां नाहीं?” ती क्षणभर गप्प बसली, आणि “संवय नाहीं, काका,” असें म्हणून जेवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्या मोबाईलवर तिचा निरोप आला. नागरींत होता, तीन ओळींचा. त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. मीं त्या दाखविल्या नाहींत. उत्तर मात्र नागरींतच दिलें.